पाच तारे आणि आमचा पंखा

शहापुरातल्या आमच्या घरी आजोबांनी घेतलेला छताचा पंखा गेली चाळीस वर्षे फिरतो आहे. दोनदा वाइंडिंग झाले, बेअरिंग बदलले. कपॅसिटर किती बदलले, त्याला हिशेबच नाही. गल्लीतला मिस्त्री तासाभरात काम उरकतो. उलट, पाच ताऱ्यांचा नवा पंखा दोन वर्षांतच थांबला. आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट जळले होते. मिस्त्रीने हात टेकले. तसे सर्किट बाजारात कुठे मिळेना.

म्हणून नियमच वाईट, असे मी म्हणणार नाही. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले, हे योग्यच झाले. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज खातो, नवा ३० च्या आसपास. रोज दहा तास धरले, तर महिन्याला तेरा युनिटे वाचतात. ही बचत थोडी नव्हे.

परंतु मित्रहो, तारे मोजतात ते एवढेच : किती विजेत किती वारा. पंखा किती वर्षे टिकेल, बिघडल्यास दुरुस्त होईल का, यासाठी एकही तारा नाही. ज्याला गुण आहेत तेवढाच अभ्यास करावा, हे आपल्याप्रमाणे कारखानदारांनाही कळते! मग बिलात वाचलेले पैसे नव्या पंख्यात जातात, आणि जुना भंगारात.

सुटे भाग किती वर्षे मिळतील, हेही लेबलावर छापणे सरकारने सक्तीचे करावे. कमी खाणे ही बचत खरी. पण टिकणे हीसुद्धा बचतच आहे.