विश्लेषण : चुंबन, हस्तांदोलन, एका ताटात जेवण... संसर्ग नेमका कशातून होतो?

बारशाला आलेले पाहुणे बाळाचा पापा घेतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. एचआयव्हीबाधित माणसाचा पेला मात्र वेगळा ठेवला जातो. खरा धोका नेमका उलट्या बाजूला आहे.

एचआयव्ही स्पर्शाने पसरतो का?

नाही. हा विषाणू रक्त, वीर्य, योनिस्राव आणि आईच्या दुधातून पसरतो. लाळ, घाम किंवा अश्रूंतून नाही. हात मिळवणं, मिठी मारणं, गालाचं चुंबन, एका ताटात जेवणं किंवा एकच शौचालय वापरणं यांतून लागण होत नाही. दोघांच्याही हिरड्यांतून रक्त येत असताना घेतलेलं दीर्घ चुंबन हा अतिदुर्मीळ अपवाद.

हा गैरसमज दूर व्हावा म्हणून एप्रिल १९८७ मध्ये प्रिन्सेस डायना यांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात एड्सच्या रुग्णाशी हातमोजे न घालता हात मिळवला होता.

मग चुंबनातून काय पसरतं?

ओठांच्या कडेला पाण्याचे फोड आणणारा हर्पीस विषाणू (एचएसव्ही-१). जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जगात पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना त्रास होत नाही, त्यामुळे पत्ताही नसतो. सर्दी आणि फ्लूही जवळच्या संपर्कातून पसरतात.

बाळाला धोका का?

पहिल्या काही आठवड्यांत बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते. हर्पीस मेंदू आणि यकृतापर्यंत पोहोचला, तर जिवावर बेतू शकतं. ओठावर फोड असलेल्याने बाळाचा पापा घेऊ नये आणि हात धुऊनच त्याला घ्यावं. बाळ दूध पिईना, सुस्त पडलं, ताप आला किंवा अंगावर फोड उठले, तर लगेच रुग्णालय गाठावं.

क्षयरुग्णाची भांडी वेगळी ठेवावीत का?

गरज नाही. फुप्फुसांचा क्षय खोकल्यावाटे हवेतून पसरतो. उघड्या खिडक्या, मास्क आणि नियमित औषधं उपयोगी पडतात.

कायदा काय सांगतो?

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, उपचार किंवा भाड्याचं घर देताना एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे.

थोडक्यात, पेला वेगळा ठेवून कुणाचंच रक्षण होत नाही, फक्त एक माणूस एकटा पडतो. बाळाचा पापा टाळला, तर मात्र एखादा जीव वाचू शकतो.