घरी जाणाऱ्याला वाटेत व्हिसा कशाला?

न्यूअर्कहून मुंबईला निघालेल्या भारतीय माणसाने लंडनच्या विमानतळावर तीन तास बाकावर बसायचं, तर त्याला ब्रिटनचा व्हिसा का लागावा? जाणकार म्हणतील, सगळ्यांना कुठे लागतो? खरंय. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलं की सूट मिळते. आपल्याला अमेरिकेत भेटायला येणारे आई-वडील म्हणूनच बिनघोर ये-जा करतात. अडतो तो एच-१बीवाला, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेला. नोकरी कायदेशीर, मुदतवाढीचं आय-७९७ हे सरकारी पत्र हातात, पण पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. आणि चालू व्हिसावर अमेरिकेत येऊन सहा महिने उलटले असतील, तर ब्रिटनच्या लेखी तो सवलतीतून बाद.

असाच अडलेला आमच्या ओळखीतला ऐरोलीचा एक मुलगा. वडिलांना हॉस्पिटलमध्ये हलवलं म्हणून मिळालं ते लंडनमार्गे तिकीट काढून निघाला. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट पुढून-मागून चाळला, स्क्रीनकडे पाहिलं आणि पट्ट्यावर चढवलेली बॅग परत खाली उतरवली. त्यांना तरी काय बोलणार? कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर ब्रिटन विमान कंपनीला माणशी २,००० पौंडांपर्यंत दंड करू शकतं. शंका आली की 'नाही' म्हणणंच त्यांना परवडतं. पोरगा दुसऱ्या दिवशी दोहामार्गे गेला. पैसे गेले ते गेलेच, पण तो दिवस काही साधा नव्हता.

ट्रान्झिटमध्ये कागदपत्रं नाहीशी करून आश्रय मागणारे असतात, ही सरकारांची भीती खोटी नाही. पण अमेरिकेतली पगाराची नोकरी मागे ठेवून स्वतःच्याच देशात निघालेला माणूस हीथ्रोवर कशाला लपेल? बरं, मुदत संपलेल्या ग्रीन कार्डासोबत मुदतवाढीचं आय-७९७ असलं, तर ब्रिटन ते चालवून घेतं! एच-१बीच्या आय-७९७ला मात्र ती किंमत नाही. हा फरक मला तरी निव्वळ सरकारी आळस वाटतो.

अमेरिका याहून कडक. तिने २००३च्या ऑगस्टमध्ये बिनव्हिसा ट्रान्झिट बंदच केलं. भारत मात्र २४ तासांत पुढे जाणाऱ्या आणि विमानतळ न सोडणाऱ्या परदेशी प्रवाशाला व्हिसा मागत नाही. याकडे बोट दाखवून ब्रिटनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयाने तिथल्या सरकारकडे एवढंच मागावं: मायदेशी परतणाऱ्याला, पुढचं तिकीट पक्कं असेल तर, विमानतळाच्या आत सूट द्या. आपल्या इथल्या मराठी मंडळाने तसं निवेदन द्यावं, सह्या गोळा करायला मी तयार आहे.

तोवर लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं की आधी व्हिसाची तारीख बघा. आणि दोन वेगळी तिकिटं जोडू नका. बॅग घ्यायला बाहेर पडावं लागलं, तर प्रश्न नुसत्या ट्रान्झिटचा राहत नाही.