काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन न पाडता दुरुस्त करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी

विषय : मुंबईतील जुन्या वॉटसन हॉटेलच्या (आताचे एस्प्लनेड मॅन्शन) बिडाच्या सांगाड्याचे जतन व दुरुस्ती

महोदय,

मुंबईतल्या एका इमारतीसाठी रत्नागिरीच्या मांडवीतल्या रहिवाशांनी अर्ज करावा, याचे आपल्या कार्यालयाला नवल वाटेल. पण समुद्रालगत लोखंड कसे राखायचे, हे आम्हाला रोज पाहावे लागते. खिडकीचे गज असोत की फाटक, पावसाळ्यापूर्वी घासून रेड ऑक्साईडचा हात दिला तर वर्षानुवर्षे टिकते. चार पावसाळे दुर्लक्ष केले तर पापुद्रे सुटतात. काळा घोड्याच्या या इमारतीचे नेमके हेच झाले आहे. तिचे दुखणे वयाचे कमी आणि हेळसांडीचे जास्त आहे.

रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने तिचा आराखडा केला. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या छताच्या कामातही तो होता. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले खांब आणि इतर सुटे भाग जहाजाने मुंबईला आणून इथे जोडले गेले. भार सगळा लोखंडी सांगाड्यावर. विटा केवळ मधली जागा भरायला. पुढे जगभर उंच इमारती ज्या पद्धतीने उभ्या राहिल्या, तिचा इतका जुना नमुना आपल्या राज्यात उभा आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला तो याच हॉटेलात. त्याच वर्षी मार्क ट्वेनचा मुक्काम तिथे होता. हॉटेल बंद पडले, खोल्यांची कार्यालये झाली, माळे आणि पार्टिशने वाढली. २००५ मध्ये दर्शनी भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या तपासणीत ती पाडण्याची शिफारस झाली. वारसा संवर्धन क्षेत्रातील तज्ज्ञांनी मात्र दुरुस्ती शक्य असल्याचे सांगितले.

माणसांच्या जिवापुढे कोणताही वारसा मोठा नाही, हे आम्ही आधीच स्पष्ट करतो. आमचा आक्षेप आहे तो तपासणीच्या पद्धतीला. बिडाचे गणित काँक्रीटहून वेगळे आहे. घावण्यांचा तवा हातातून पडला तर वाकत नाही, तडकतो. बीड दाब भरपूर सोसते, ताण सोसत नाही. म्हणून खांब बिडाचे आणि तुळया घडीव लोखंडाच्या, अशी त्या काळची रीत होती. पोकळ खांब ओतताना आतला गाभा जरा सरकला की एका बाजूची भिंत पातळ होते, आणि ते बाहेरून दिसत नाही. काँक्रीटवर चालणारा रिबाउंड हॅमर इथे निरुपयोगी आहे. प्रत्येक खांबाची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने चहूबाजूंनी मोजावी लागते, सांधे उघडून पाहावे लागतात, गंज फुगून विटा कुठे ढकलल्या गेल्या आहेत ते शोधावे लागते.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी, की बिडाच्या बांधकामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या अभियंत्यांकडून सांगाड्याची खांबागणिक तपासणी करून घ्यावी व अहवाल मराठीत जाहीर करावा. दुरुस्तीचे काम आजवर किती झाले, किती उरले आणि त्याचा खर्च कोण उचलणार, हेही त्यात असावे. तोवर पाडकामाचा कोणताही प्रस्ताव पुढे नेऊ नये. आतला वाढीव भार उतरवावा, मोडकळीस आलेल्या सज्जांना धिरे द्यावेत, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी संरक्षक जाळी व छत कायम ठेवावे.

जे भाग वाचणारच नाहीत ते नव्याने ओतता येतात. त्यासाठी इंग्लंडला जायला नको. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये रोज ओतकाम चालते. जुन्या नगाचा फर्मा घेऊन त्यांच्याकडून नग करून घ्यावेत. बिडाची तड वेल्डिंगने झाकण्याची घाई मात्र कंत्राटदाराला करू देऊ नये. उष्णतेने शेजारी नवी तड जाते. ‘पाडून तशीच दिसणारी काँक्रीटची इमारत बांधू’ असा तोडगा कुणी सुचवला तर तो साफ नाकारावा. ती नक्कल होईल, आणि ज्या सांगाड्यासाठी ही इमारत महत्त्वाची तोच भंगारात जाईल.

हे होऊ शकते याचा दाखला मुंबईतच आहे. भायखळ्याचे १८७२ चे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, त्यातल्या लोखंडी खांब-कठड्यांसह, नीट दुरुस्त झाले आणि २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला.

जाता जाता एक मागणी आमच्या किनाऱ्यासाठी. कोकणातल्या बंदरगावांमधील जुन्या पेढ्या, वखारी आणि दुकानांमध्ये ओतीव लोखंडाचे खांब, जिने, कठडे कुठे उरले आहेत, याची नोंद पुरातत्त्व विभागाने नगरपरिषदांच्या मदतीने करावी. भंगारवाल्याच्या आधी सरकार पोहोचावे, एवढेच.

या निवेदनावर केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत मिळावे, ही विनंती.

आपले नम्र,
मांडवी, रत्नागिरी येथील रहिवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, म्हाडा
मुंबई वारसा जतन समिती