गांजाचा आरोपी आणि वकिलाचा प्रश्न

सातपुड्याच्या पायथ्याशी, धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, कापसाच्या व तुरीच्या आड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटून टाकल्याच्या बातम्या वारंवार प्रसिद्ध होतात. किती किलो माल हाती लागला आणि बाजारात त्याची किंमत किती लाख रुपये, हे त्यांत ठळकपणे दिलेले असते. आरोपी बहुधा एखादा आदिवासी शेतकरी असतो. त्याला वकील मिळाला काय, मिळाला असल्यास केव्हा मिळाला आणि त्याने न्यायालयात काय सांगितले, याचा उल्लेख मात्र त्या बातमीत नसतो व पुढेही कोठे छापला जात नाही.

गांजाचे नियमन ही या देशाला नवी गोष्ट नाही. इंग्रजी अमदानीत गांजा सरकारी परवान्याने पिकवला व विकला जात असे. १८९३-९४ सालच्या हेम्प ड्रग्ज कमिशनने सर्व बाजूंनी साक्षी घेऊन संपूर्ण बंदीविरुद्ध आणि कर व परवान्याच्या बाजूने कौल दिला. परकीय सरकारला महसुलाची गोडी होती, हे उघड आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाचा वैद्यकेतर वापर २५ वर्षांत संपुष्टात आणण्याचे बंधन घातले आणि १९८५ साली संसदेने गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम संमत केला. व्यवहारात त्यास एनडीपीएस कायदा म्हणतात. परवाना आणि बंदी ही राज्यसंस्थेच्या हातातील दोन हत्यारे आहेत. त्यांपैकी कोणते कोणावर चालवले जाते, हा वर्गीय प्रश्न आहे.

याच झाडाचा दुसरा संसार पाहावा. कायद्याच्या दहाव्या कलमान्वये राज्य सरकारे लागवडीस परवानगी देऊ शकतात, आणि चौदाव्या कलमान्वये सरकारला धागा व बियांसाठी तशी मुभा देता येते. उत्तराखंडाने २०१८ साली औद्योगिक हेंपच्या लागवडीचा पहिला परवाना दिला. २०२१ मध्ये हेंपचे बी, त्याचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता मिळाली. आयुर्वेदिक औषधांच्या परवान्याखाली हीच वनस्पती ‘विजया’ या नावाने बाटलीत भरली जाते, आणि राजस्थान व उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. यात आक्षेपार्ह काही नाही. पण परवान्याचा अर्ज, मादक घटकाचे प्रमाण दाखवणारा प्रयोगशाळेचा दाखला आणि खात्याखात्यांतील पत्रव्यवहार हे सारे करण्यासाठी कंपनीपाशी पगारी वकील व सल्लागार असतात. गुन्हा घडण्यापूर्वीच त्यांना कायद्याची मदत मिळते. शिरपूरच्या शेतकऱ्याला ती मिळालीच, तर तुरुंगात गेल्यावर.

आणि या खटल्यांत वकिलाचे महत्त्व इतर खटल्यांपेक्षा अधिक आहे, कारण येथे सारे वजनावर अवलंबून असते. १ किलोहून कमी गांजा म्हणजे अल्प प्रमाण. शिक्षा फार तर एक वर्षाची. २० किलोंच्या वर गेले की ते व्यापारी प्रमाण; शिक्षा किमान दहा व कमाल वीस वर्षे, शिवाय एक ते दोन लाख रुपये दंड. व्यापारी प्रमाण ठरले की ३७ वे कलम आडवे येते. आरोपी निर्दोष आहे असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याविना जामीन नाही. खटला उभा राहण्यापूर्वीच तो जिंकून दाखवावा, अशी ही अट आहे.

आता या वजनाची मौज पाहा. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पाने त्यातून वगळलेली आहेत. प्रत्यक्षात शेतातली झाडे मुळासकट उपटली जातात व खोड, फांद्या, पाने, ओलावा आणि मुळांना लागलेली माती यांसह काट्यावर चढतात. पंचनाम्यात ‘गांजाची हिरवी झाडे, वजन इतके किलो’ असे लिहिले जाते आणि तीन-चार किलो शेंड्यांचे साठ किलो होण्यास एक दुपार पुरते. लागवडीच्या कलमाखाली कमाल दहा वर्षांची शिक्षा आहे व तिचा वजनाशी संबंध नाही. पण सोबत कब्जाचे कलम लावले की काटा पुन्हा मध्ये येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली एका प्रकरणात, शेंडे व इतर भाग वेगळे केलेले नाहीत हे लक्षात घेऊन जामीन दिला. तथापि, तो मुद्दा कोणी तरी मांडला म्हणून न्यायालयापुढे आला. पंचनाम्याची प्रत ज्याने वाचलेलीच नाही, असा वकील तो मांडणार कसा?

अशी स्थळे अनेक आहेत. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर वा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क आरोपीला सांगितलाच पाहिजे, असे घटनापीठाने २०१० साली बजावले. अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असा निर्णय २०२० मध्ये झाला. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात दोषारोपपत्रासाठी १८० दिवसांची मुदत आहे व ती एक वर्षापर्यंत वाढवता येते. पण मुदत टळून गेल्यावर जामिनाचा जो हक्क निर्माण होतो तो दोषारोपपत्र येण्यापूर्वीच मागावा लागतो. दिवस मोजणारा कोणी नसेल तर हक्क हातचा जातो. दिल्लीतील एका गांजा प्रकरणात, अटकेच्या वेळी २३ वर्षांचा असलेला तरुण सात वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदी म्हणून खितपत पडला होता. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खटल्याला इतका विलंब होत असेल तर ३७ वे कलम जामिनाच्या आड येत नाही, असे ठरवले. तोवर त्याची सात वर्षे गेली होती.

अर्थशास्त्रात जोखमीचा मोबदला म्हणून नफ्याचे समर्थन केले जाते. गांजाच्या धंद्यात ही सांगड पार तुटली आहे. बंदीमुळे भाव चढतो. त्या भावाचा मोठा वाटा शहरातल्या व्यापाऱ्याकडे जातो, आणि अटकेची सारी जोखीम पिकवणाऱ्याच्या व रेल्वेतून पिशवी वाहणाऱ्याच्या माथी येते. त्यातच विशेष न्यायालय जिल्ह्याच्या ठिकाणी, जामिनाचा अर्ज बहुधा उच्च न्यायालयात, आणि जामीनदार मिळाला तर त्याच्या सातबाऱ्याचा प्रश्न. वकिलाच्या फीपायी उरलेली जमीन गहाण पडते.

वास्तविक मोफत वकील हा हक्क आहे. घटनेचे ३९-अ कलम त्याची ग्वाही देते. (ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले, तेव्हा अनेक समाजवादी तुरुंगात होते. त्या दुरुस्तीतून त्यांच्या कामाचे एवढे तरी पदरात पडले.) १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आरोपीने मागितला नाही एवढ्यावरून वकील नाकारता येत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील प्रत्येक माणूस उत्पन्नाची अट न लागता या मदतीस पात्र आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालये उघडली आहेत; १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. पण पावरी बोलणारा माणूस मराठी पंचनाम्यावर अंगठा उठवतो तेव्हा त्याला यातले काहीच ठाऊक नसते.

समाजवादी चळवळीची परंपरा व्यसनमुक्तीची आहे. म्हणून गांजाच्या आरोपीला मदत कशासाठी, असा प्रश्न कार्यकर्ते विचारतील. नशाबंदीचा आदेश देणारे ४७ वे कलम आणि ३९-अ ही दोन्ही घटनेच्या एकाच भागात आहेत. पहिल्याच्या पूर्ततेसाठी कठोर कायदा व विशेष न्यायालये उभी राहिली. दुसऱ्यासाठी तालुका विधी सेवा समितीच्या दारावर एक फलक. खुद्द व्यसनी माणसालाही ६४-अ कलमाखाली उपचार पत्करून खटल्यातून मुक्त होता येते. पण दंड भरून सुटका होईल, गुन्हा कबूल कर, असाच सल्ला त्याला मिळतो. पोरगा दोषसिद्धीची नोंद घेऊन घरी येतो आणि व्यसन तसेच राहते.

तालुका शाखांनी करण्याजोगे काम थोडे पण निकडीचे आहे. अटकेची बातमी येताच २४ तासांच्या आत, दंडाधिकाऱ्यासमोर पहिल्यांदा हजर केले जाईल त्या वेळी, कोणी तरी न्यायालयात उपस्थित असले पाहिजे व विधी सेवेच्या वकिलाची मागणी लेखी झाली पाहिजे. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत सांगितली गेली काय, हे घरच्यांकडून विचारून घ्यावे. २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यास घटनात्मक महत्त्व दिले आहे. पंचनाम्याची प्रत मिळवावी. वजन कशाचे केले आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढले काय, हे टिपून वकिलाच्या हाती द्यावे. पक्षात वकील आहेत. त्यांच्यातील किती जण महिन्यातून एक दिवस जिल्हा कारागृहाला देऊ शकतात, याची यादी जिल्हा समित्यांनी पुढील बैठकीपूर्वी करावी. आणि पावरी, भिली जाणणाऱ्या कार्यकर्त्यांची नावे त्या यादीत प्रथम असावीत.