सावित्रीचे खोरे एक, कारभार अनेक

दिनांक २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. बाजारपेठ बुडाली, वीज व दूरध्वनी बंद पडले आणि रस्ते पाण्याखाली गेल्याने बचाव पथकांना शहरात पोहोचणे दुरापास्त झाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी सोळा वर्षे, जुलै २००५ मध्ये, याच तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण व कोंडीवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक जीव गेले होते व महाड शहर असेच जलमय झाले होते. दोन्ही वेळा मदतीचा ओघ महाराष्ट्रभरातून आला. परंतु मदतीपलीकडे जाऊन एक प्रश्न विचारावयास हवा: या नदीच्या पुराची जबाबदारी नेमकी कोणाची?

२३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या पठाराच्या पूर्वेकडील पाणी कृष्णेच्या खोऱ्यात जाते. पश्चिम उताराचे पाणी मात्र सावित्रीत येते. सुमारे १,३५० मीटर उंचीवरून ते पोलादपूरकडे कोसळते, महाडजवळ सपाटीला लागते आणि तेथेच मंदावते, कारण महाडपासून पुढे बाणकोटपर्यंत सावित्री ही खाडीच आहे. एकेकाळी याच खाडीतून महाड-दासगावपर्यंत गलबते येत असत. वरून लोंढा आणि समोरून भरती अशी गाठ पडली की पाण्याला पसरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणजे महाडच्या पुराची कारणे बहुतांशी महाडच्या हद्दीबाहेर आहेत.

आता या खोऱ्याचा कारभार पाहा. उगम सातारा जिल्ह्यात, मधला प्रवाह रायगडमध्ये, आणि मुखाशी एका तीरावर रायगड तर दुसऱ्या तीरावर रत्नागिरी. पोलादपूरची नगरपंचायत, महाडची नगरपरिषद, दोहों काठांवरील ग्रामपंचायती, तीन जिल्हा परिषदा आणि तीन जिल्हाधिकारी या एका पाण्याशी संबंधित आहेत. शिवाय जलसंपदा विभाग, वन विभाग, सागरी मंडळ, औद्योगिक विकास महामंडळ, राष्ट्रीय महामार्ग आणि कोकण रेल्वे आहेतच. रायगड व रत्नागिरी कोकण महसूल विभागात येतात, सातारा पुणे विभागात. त्यामुळे संपूर्ण सावित्रीसंबंधी निर्णय देऊ शकेल असे पहिले कार्यालय थेट मंत्रालयातच भेटते. प्रत्येकाचे काम कायद्याने ठरले आहे. खोऱ्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नाही.

कायद्यात तरतुदी नाहीत असे नाही. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती निर्माण केली आणि पंचायती व नगरपालिका यांच्या समान हिताच्या बाबी, त्यांत पाण्याची वाटणीसुद्धा, तिच्याकडे सोपविल्या. परंतु ही समिती जिल्ह्याच्या सीमेवर थांबते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरण स्थापिले. तेही एकाच जिल्ह्यापुरते. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने पाटबंधारे महामंडळांना नदीखोरे अभिकरणाचा दर्जा दिला. त्यांची घडण मात्र धरणे व सिंचन यांसाठी झालेली आहे. घाटातल्या छोट्या नदीचा पूर या रचनेत कोठेच नीट बसत नाही.

तथापि, दोष केवळ रचनेला देऊन भागणार नाही. खरी अडचण हितसंबंधांची आहे. डोंगरउतारावरील ग्रामपंचायतीने माती धरून ठेवली, खाणीस वा उतार कापणाऱ्या बांधकामास नकार दिला, तर तिचे उत्पन्न बुडते. लाभ होतो तो खाली महाडच्या व्यापाऱ्याला. उलट एखाद्या शहराने स्वतःभोवती संरक्षक भिंत उभारली, तर ते वाचते आणि पाणी शेजारच्या गावात ढकलले जाते. पूररेषांचेही तसेच आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा शहराच्या नकाशावर आखली जाते. परंतु वरच्या वा खालच्या गावात पात्रालगत भराव पडला की त्या रेषेचा अर्थच बदलतो. दासगावजवळील कोकण रेल्वेचा भराव पाण्याची वाट अडवतो, ही महाडकरांची जुनी तक्रार आहे. भराव एकाचा, बुडणारे दुसरे, अशी ही स्थिती.

२०२१ नंतर सावित्रीच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले, हे योग्यच झाले. परंतु गाळ वरच्या उतारांवरून दरवर्षी येतो. तेथे माती धरली नाही, तर खालचा उपसा हा कायमचा खर्च होऊन बसेल.

अशा पेचातून मार्ग निघू शकतो, याचे एक उदाहरण कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात सापडते. तेथे १९४६ च्या कायद्याने एकाच पाणलोटातील नगरपालिकांना एकत्र येऊन संवर्धन प्राधिकरण स्थापण्याची मुभा मिळाली. ऑक्टोबर १९५४ मध्ये हेझल चक्रीवादळाने त्या प्रांतात ८१ बळी घेतले. त्यानंतर १९५७ मध्ये टोरोंटो परिसरातील प्राधिकरणे एकत्र करण्यात आली, पूरक्षेत्रातील जमिनी सार्वजनिक मालकीच्या केल्या गेल्या आणि तेथे पुन्हा घरे बांधण्यास मनाई झाली. खर्चाचा वाटा सहभागी नगरपालिकांनी उचलला.

आपल्याकडेही २००५ च्या मुंबईतील पुरानंतर मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. तरीही त्या नदीतील गाळउपशाच्या कथित गैरव्यवहाराबद्दल २०२५ मध्ये गुन्हा नोंदवावा लागला. तेव्हा नुसता फलक लावून काम होत नाही. हिशेब जनतेपुढे उघडा असावा लागतो.

सावित्रीसाठी आम्हांस तीन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, माहितीची साखळी. महाबळेश्वरचा पाऊस, पोलादपूरची पाणीपातळी आणि बाणकोटची भरतीची वेळ हे तिन्ही आकडे महाडच्या नियंत्रण कक्षात आणि नदीकाठच्या प्रत्येक सरपंचाकडे एकाच वेळी पोहोचले पाहिजेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. दुसरी, संपूर्ण खोऱ्याचा एकच पूरनकाशा, आणि पात्रालगतचा भराव, पूल वा भिंत यांस मंजुरी देण्यापूर्वी वरच्या व खालच्या स्थानिक संस्थांचे म्हणणे ऐकण्याचे बंधन. तिसरी, सामाईक निधी. ज्यांचे रक्षण होते त्या शहराने, औद्योगिक वसाहतीने व शासनाने त्यात भर घालावी आणि ज्या गावांनी उतार राखले त्यांना त्यातून मोबदला मिळावा. मोबदल्याविना केलेली संयमाची अपेक्षा ही न्याय्य म्हणता येणार नाही. गरीब डोंगरवाड्यांनी तो भार एकट्याने का वाहावा?

हा प्रश्न सावित्रीपुरताच नाही. पुणे जिल्ह्यातील मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून रायगडच्या कुंडलिकेत उतरते. कर्जतमधून वाहणारी उल्हास बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशी एकेका नगराची हद्द ओलांडत वसईच्या खाडीला मिळते. म्हणून वसईतील आमच्या वाचकांनीही सावित्रीची गोष्ट दूरच्या जिल्ह्याची मानू नये.

पूरग्रस्तांना धान्य व कपडे पाठविण्यात आपला समाज मागे राहत नाही. त्याच तत्परतेने आपण आपल्या ग्रामसभेत वा प्रभागात उभे राहून विचारले पाहिजे की, आपल्या गावात मंजूर होणाऱ्या भरावाचे पाणी कोणाच्या घरात जाणार आहे आणि त्या गावाला कोणी विचारले आहे काय. या प्रश्नाचे लेखी उत्तर इतिवृत्तात नोंदविण्याचा आग्रह धरावा. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेतच हे करता येईल.