तास भरले, पण हात शिकले का?

समजा, यवतमाळकडचा पन्नाशीतला एक कापूस उत्पादक शेतकरी आहे. आतड्याचं ऑपरेशन नागपुरात झालं. डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटावर काढलं आणि मल गोळा करायला तिथे पिशवी लावली. या नव्या मार्गाला स्टोमा म्हणतात. ऑपरेशन चांगलं झालं, सुटीही मिळाली. कागदावर गोळ्या लिहून दिल्या, टाके कधी काढायचे तेही लिहिलं. पिशवी कशी बदलायची, हे मात्र निघताना घाईघाईत बायकोला एकदाच दाखवलं.

घरी तिसऱ्या दिवशी पिशवी गळते. भोवतीची त्वचा सोलवटते, आग होते. माणूस लग्नकार्याला जात नाही, पारावर बसत नाही. जेवणही कमी करतो, कारण कमी खाल्लं तर पिशवी कमी भरेल, असं त्याला वाटतं. ऑपरेशन यशस्वी आणि माणूस घरात कैद!

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण ही अडचण स्टोमाच्या कोणत्याही पेशंटला येऊ शकते. ती टाळणं मुख्यतः एका व्यक्तीच्या हातात असतं. ती म्हणजे स्टोमाची काळजी शिकलेली नर्स.

वीस मिनिटांचं काम

अशी नर्स ऑपरेशनच्या आधीच पेशंटला भेटते. त्याला उभं करते, बसवते, वाकायला लावते आणि पोटावर पेनाने खूण करते. पँटचा पट्टा, धोतराची गाठ किंवा परकराची नाडी येते ती जागा टाळायची. पोटाची घडी पडते तीही टाळायची. पेशंटला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशी जागा निवडायची. ऑपरेशननंतर स्टोमा मोजून पिशवीच्या चकतीला त्याहून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठं भोक कापायचं. भोक फार मोठं झालं तर मल त्वचेला लागतो, लहान झालं तर स्टोमाला इजा होते. पहिल्या काही आठवड्यांत सूज उतरून स्टोमा लहान होतो, म्हणून माप पुन्हा घ्यायचं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची.

यातलं काहीही रॉकेट उडवण्याइतकं अवघड नाही. पण हे वाचून येत नाही, हाताने करूनच येतं.

मग हे शिकवत नाहीत का? शिकवतात. बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएमला ही प्रोसिजर असते. डमीवर एकदा करायची, फाइलमध्ये लिहायची, सही घ्यायची. प्रत्यक्ष पेशंट कदाचित नोकरीच्या चौथ्या वर्षी समोर येतो. तोवर हात विसरलेले असतात आणि साहित्यही बदललेलं असतं. नोकरीत असतानाचं शिक्षण लागतं ते इथे.

१५० तासांचा हिशेब

कागदावर त्याची सोय आहे. नर्सची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करताना १५० तासांचं निरंतर शिक्षण हवं, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घ्यायला तो आला आहे. राष्ट्रीय आयोग, राज्यांचे आयोग, देशभराची ऑनलाइन नोंदवही अशी त्याची रचना आहे. म्हणजे नियम नव्याने लिहिण्याची संधी आहे. म्हणूनच एक प्रश्न आत्ताच विचारायला हवा : आपण तास मोजतोय की कौशल्य?

सभागृहात शंभर जणी, समोर पीपीटी, दुपारी जेवण, संध्याकाळी सर्टिफिकेट. तास भरले! असं शिक्षण अगदीच वाया जातं असं नाही, नवीन माहिती मिळते. पण सायकलवरचं व्याख्यान ऐकून कोणाला सायकल येत नाही. जखमेचंही तसंच.

दुसरी अडचण ड्युटीची. सर्जरी वॉर्डातली नर्स ट्रेनिंग घेऊन येते आणि काही महिन्यांत तिची बदली बाळंतिणींच्या वॉर्डात होते. तिसरी अडचण पदाची. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग अधिसेविका अशी शिडी असते. जखम उत्तम भरून आणणाऱ्या हातांसाठी या शिडीवर वेगळी पायरी नाही. मग सुटीचा दिवस आणि पदरचे पैसे घालून ती का शिकेल?

विदर्भाच्या जखमा

हा विषय फक्त पिशवीपुरता नाही. जुन्या जखमांची आपल्याकडे कमी नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, म्हणजे पायाच्या जखमा आल्याच. सिकलसेल विदर्भात मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यात घोट्याजवळ चिघळणारे व्रण होतात. अंथरुणाला खिळलेल्यांचे बेडसोअर आहेत. खर्र्यामुळे तोंडाचा कॅन्सर झालेल्यांच्या ऑपरेशनच्या जखमा आहेत.

जखम कोरडी ठेवली की लवकर भरते, असं आपल्या घरांत आजही मानतात. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं, की योग्य ओलावा राखलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते. फेस येईपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं तर जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. साठ वर्षं जुनं ज्ञान अजून प्रत्येक ड्रेसिंगच्या ट्रॉलीपर्यंत पोचलेलं नाही.

गंमत म्हणजे हा प्रदेश जखमांच्या सेवेसाठीच ओळखला जातो. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला बाबा आमटे, असा तो वारसा आहे. कुष्ठरोगात बधिर झालेला पाय रोज तपासायचा, पाण्यात भिजवायचा, जाड झालेली कातडी घासायची आणि तेल लावायचं, अशी ही साधी पद्धत आहे; त्यातली पाय रोज तपासण्याची शिस्त मधुमेहाच्या बधिर पायालाही धडा देते.

नागपुरात का नाही?

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात नर्सेसना स्टोमाच्या काळजीचं खास प्रशिक्षण मिळतं. पण समृद्धी महामार्गानेही मुंबई ७०१ किलोमीटर. घरी लहान मूल असलेली, रात्रपाळी करणारी गडचिरोलीची सिस्टर तिथे किती दिवस राहील? नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. पेशंट इथे, सर्जन इथे, नर्सिंग कॉलेजं इथे. सगळ्यांनी मिळून विदर्भासाठी एक केंद्र चालवणं अशक्य नाही.

तिथे १५० पैकी निदान काही तास पेशंटच्या खाटेजवळ मोजावेत, आणि परीक्षा म्हणजे पिशवी लावून दाखवणं. शिकलेल्या नर्सला दोन-तीन वर्षं त्याच कामावर ठेवावं, आठवड्यातून एक दिवस तिची ओपीडी असावी, आणि या कौशल्याला पगारात व बढतीत वजन मिळावं.

यावर खरा आक्षेप मनुष्यबळाचा आहे. आधीच नर्स कमी, त्यात हे कोण करणार? आक्षेप रास्त आहे. रिकाम्या जागा न भरता नुसतं ट्रेनिंग दिलं, तर ते तिच्या डोक्यावरचं आणखी एक ओझं ठरेल. पण चिघळलेली जखम पेशंटला पुन्हा त्याच वॉर्डात आणते आणि खाट अडवते, हेही या हिशेबात धरायला हवं.

या शास्त्राची सुरुवातही पेशंटपासून झाली. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये आपल्याच एका पेशंटला कामावर घेतलं. नॉर्मा गिल त्यांचं नाव. त्या नर्स नव्हत्या, स्वतः पोटावर पिशवी घेऊन जगत होत्या. पुढे १९६१ मध्ये तिथेच या विषयाचं प्रशिक्षण सुरू झालं.

नर्सिंगला असाल, तर फाइलवर सही मिळाली तरी प्रत्यक्ष पेशंटवर पुन्हा करून बघायची संधी मागा. नर्सिंगला नसाल, तरी कधीतरी घरच्या कोणाची सुटी घ्यायला तुम्हीच जाल. तेव्हा निघण्याआधी सांगा, “सिस्टर, आता पिशवी आम्ही बदलतो, तुम्ही फक्त बघा आणि चुकलं तर सांगा.” यवतमाळच्या त्या शेतकऱ्याच्या घरच्यांना एवढी वीस मिनिटं मिळाली असती, तर तो आज पारावर बसलेला दिसला असता.