नाताळचा फराळ

गेल्या वर्षी २४ डिसेंबरच्या संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरच्या मावशी. हातात स्टीलचं ताट, वर क्रोशाचा रुमाल. रुमालाखाली करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि दोन अनारसे. दिवाळी कधीच उरकलेली, आमच्या घरचे डबे धुऊन माळ्यावर गेलेले. मी पटकन बोलून गेलो, "अरे वा, तुमच्याकडे अजून फराळ शिल्लक आहे?" बायकोने मागून कोपर मारलं. मावशी हसल्या. "शिल्लक नाही हो भाऊ. कालच तळलाय. नाताळचा फराळ आहे."

चार वर्षं आम्ही एकाच लिफ्टमधून वरखाली करतोय. पाणी आलं नाही की एकमेकांना फोन करतो. आमच्या पुनावळ्याच्या अंडरपासमधल्या कोंडीला दोघं मिळून शिव्या घालतो (मावशी घालत नाहीत, माझ्या ऐकून घेतात). मावशी नगरकडच्या, एवढंच मला ठाऊक. त्या ख्रिस्ती आहेत, हे मला करंजीने सांगितलं.

खरं तर नाताळशी माझी ओळख जुनी. पण ती देवळातून आली नाही, डिस्पॅचमधून आली. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी तीस वर्षं काढली. आमचा माल जर्मनीला जायचा. न्हावाशेवाहून हॅम्बुर्गला जहाज पोचायला तीन-चार आठवडे लागायचे. नाताळच्या आधी तिकडचा कारखाना बंद होणार, तो नव्या वर्षातच उघडणार. दक्षिण जर्मनीत तर ६ जानेवारीचीही सुट्टी, म्हणजे काही ठिकाणी सहा तारीख उलटेपर्यंत फोन उचलायला कुणी नाही. तेव्हा माल डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या स्टोअरमध्ये पडायला हवा. आता बोटांवर उलटं मोजा. कंटेनर भरायची वेळ येते ऐन दिवाळीत किंवा तिच्या आगेमागे. आणि तेव्हा आमची पोरं बीड, लातूर, बुलढाण्याच्या एसटीत बसलेली असत. त्यांचा नाताळ दर वर्षी आमची दिवाळी खायचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी पॅकिंग लिस्टवर सह्या केलेल्या आहेत. माल चुकलाच तर विमानाने पाठवायचा, आणि त्या भाड्यात वर्षाचा नफा जायचा. त्यामुळे आमच्या शॉपवर येशूच्या जन्माचा हिशोब शुद्ध तारखांचा होता.

मात्र त्या तारखांच्या फटीतून थोडं जग दिसायचं. तिकडचा खरेदीवाला माणूस २४ तारखेच्या दुपारी शेवटचा फोन करायचा. मला वाटायचं, सण तर पंचवीसला, हा आजच का पळतो? मग कळलं की जर्मनांचा नाताळ चोवीसच्या संध्याकाळीच असतो. झाडाखालच्या भेटी तेव्हाच उघडतात. आणि जेवायला काय, तर पुष्कळ घरांत बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. मी खोदून विचारलं होतं, कारण माझी कल्पना मोठ्या मेजवानीची. ती दुसऱ्या दिवशी, बदक-हंस भाजून. चोवीसला घरची बाईही सणातच असावी म्हणून साधं जेवण, असं त्याने समजावलं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला ही सवलत कुणी देत नाही. त्याच्या टेबलावर हिरव्या फांद्यांचं कडं आणि त्यात चार मेणबत्त्या असत. नाताळच्या आधीच्या चार रविवारी एकेक जास्त लावायची. या पद्धतीचं मूळ हॅम्बुर्गचंच. योहान विखर्न नावाच्या पाद्र्याने १८३९ साली अनाथ मुलांसाठी ती काढली. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं जीव खात, तेव्हा त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक लावत गेला.

दापोडी-चिंचवडच्या पट्ट्यात स्वीडिश कंपन्या जुन्या. सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, अल्फा लावल दापोडीला, एसकेएफ चिंचवडला. तिथे काम केलेला एक मित्र स्वीडनला जाऊन आला, तो सांगत होता की चोवीसच्या दुपारी तीनला अख्खा देश टीव्हीसमोर बसतो आणि डोनाल्ड डक पाहतो. दर वर्षी तेच कार्टून. १९६० च्या सुमारापासून चाललंय. मी म्हटलं, थापा मारू नकोस. पण ते खरं निघालं. चाकणहून पोलंडला गेलेला दुसरा एक जण. तिथल्या सहकाऱ्याने त्याला चोवीसला घरी बोलावलं. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी घासाला हात लावेना. टेबलावर बारा पदार्थ, मांस नाही, आणि एक ताट मांडलेलं, पण त्यावर कुणीच बसेना. याला वाटलं, कुणी यायचं राहिलंय. तर ते ताट न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी दर वर्षी मांडतात. जपान्यांचं निराळंच. त्यांना पंचवीसची सुट्टी नाही. एकदा बरोब्बर २५ तारखेला सकाळी आमच्या जपानी ग्राहकाची रिजेक्शनबद्दलची मेल आली होती, शेवटी सणाची शुभेच्छाही नव्हती. ते लोक त्या रात्री केंटकीचं तळलेलं चिकन आणि स्ट्रॉबेरीचा केक खातात. १९७४ साली त्या कंपनीने जाहिरात केली आणि देशाची रीत पडली. आता महिनाभर आधी नंबर लावतात म्हणे. ख्रिस्ती माणसं तिथे शंभरात एखादं. म्हणजे सण आला, पण धर्माला सोबत न घेता आला.

आमच्या सोसायटीत थोडंफार तेच झालंय. आमच्याकडे डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी क्लब हाऊसमध्ये 'ख्रिसमस कार्निव्हल' असतो. पंचवीसला लोक गावी किंवा लोणावळ्याला जातात, म्हणून आधीचा रविवार. प्लॅस्टिकचं झाड, कापसाचा बर्फ, पाणीपुरीचा स्टॉल, टॅटूवाला. मागच्या खेपेला माझ्या पोटाचा घेर बघून कमिटीने मला सांताक्लॉज केलं. लाल कोट आखूड पडला, दाढी नाकात जात होती. एका चार वर्षांच्या बयेने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही बी-विंगचे ना?" कार्यक्रम छान झाला, मुलं खूश होती, माझी तक्रार नाही. पण त्या कमिटीत आम्ही अकरा जण होतो आणि नाताळ ज्यांच्या घरचा, त्या मावशींना कुणी विचारलंच नव्हतं. ज्यांनी विचारायला हवं होतं त्यात मी होतो. एखाद्या सोसायटीत गणपती बसवावा आणि एकाही गणपतीवाल्या घराला वर्गणीसुद्धा मागू नये, अशातला हा प्रकार.

ताट ठेवून मावशी जायला निघाल्या, तेव्हा बायकोने त्यांना बसवून घेतलं. मग दीड तास त्या बोलत होत्या.

त्यांचं लहानपण नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. अमेरिकन मराठी मिशनने नगरमध्ये १८३१ साली ठाणं मांडलं, तेव्हापासूनची ही मराठी मंडळी. मंडळी म्हणजे चर्चचे सभासद. पाद्र्याला पाळक म्हणतात. मावशी चर्चला देऊळच म्हणतात. नाताळच्या आधी आठ दिवस घर सारवायचं, देवळात पताका लावायच्या, आणि मग रात्री गाणी म्हणत वस्तीवर फिरायचं. हातात कंदील, गळ्यात पेटी, सोबत ढोलकी आणि टाळ. "आमच्यात काही 'जिंगल बेल' नव्हतं हो," मावशी म्हणाल्या. "अभंग असायचे. भजनं असायची. शेवटच्या घरी चहा आणि शेव. गारठा असा की ढोलकी शेकोटीवर तापवून घ्यावी लागे."

हे अभंग बहुतेक रेव्हरंड ना. वा. टिळकांचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा हा चित्पावन कवी १८९५ साली ख्रिस्ती झाला. पण गळ्यातले टाळ त्याने काढले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे पोचलो, असं टिळक सांगत. हे ऐकताना मला एकदम आठवलं, तुकोबांचं देहू आमच्या गच्चीवरून अगदी दूर नाही. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं आणि १९१९ साली ते गेले. ते काव्य पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला 'स्मृतिचित्रे'साठी सगळा महाराष्ट्र ओळखतो, तिने येशूचं चरित्र ओव्यांत पुरं केलं, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. धड्यात फक्त त्यांची फजिती आणि आम्ही खो खो हसलेलो.

आणि टिळकही फार अलीकडचे. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट ओवीत चारशे वर्षं आहे आणि आम्ही सोसायटीच्या ग्रुपवर 'मेरी क्रिसमस'चं हलणारं चित्र टाकतो, त्याखाली तेच चित्र आणखी चाळीस जण टाकतात.

आपल्याकडे तर शब्दही घरचाच झालेला. नाताळ हा पोर्तुगीज 'नाताल'वरून आला, अर्थ जन्माचा दिवस. पाव, बटाटा, चावी यांच्याबरोबरच येऊन आपल्या भाषेत राहिला. वास्को द गामाने १४९७ च्या नाताळात आफ्रिकेचा एक किनारा पाहिला आणि त्यालाही हेच नाव ठेवलं. शाळेत 'गांधीजींनी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली' हे वाक्य वाचून मी कितीतरी वर्षं समजत होतो की गांधीजींनी ते काम नाताळच्या सुट्टीत उरकलं.

वसईत आजही घरोघर आणि चौकाचौकात नाताळगोठा मांडतात. गव्हाणीतलं बाळ, गाई-मेंढरं, गवत, माती. आमच्याकडे मुलं दिवाळीत किल्ला करतात, त्याचा हा सख्खा भाऊ. गोव्यात नाताळची ताटं शेजारी पाठवतात, त्याला कोन्सोआद म्हणतात. ताटात दोदोल, बेबिंक, आणि नेवऱ्या. नेवरी म्हणजे आपली करंजीच, चतुर्थीला हिंदू घरातून निघते, नाताळला ख्रिस्ती घरातून. आमच्या सी-विंगमध्ये कोट्टायमच्या दोन नर्स राहतात. त्या १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांस-मासे सोडतात, बाल्कनीत कागदी तारा लावतात. रात्री त्यांची मंडळी टेम्पोतून ढोल वाजवत येते आणि वॉचमन आधी घाबरतो, मग केक खातो. आमचा वॉचमन बिहारचा, छठचा ठेकुआ तोही आणून देतो.

चाकण-राजगुरुनगरकडून भीमाशंकरला गेलात तर शनीच्या देवळापुढे टांगलेली मोठी घंटा पाहा. आमच्या कंपनीच्या सहलीत मी ती दहा वेळा वाजवली असेल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. ही त्यातली एक. जी घंटा वसईत नाताळच्या मध्यरात्री वाजली असेल, ती आता श्रावणी सोमवारी वाजते. यात विजयाचा अभिमान आहे, तसं एक हिसकावणंही आहे, हे मावशींसमोर बोलताना मला जाणवलं. पुढे त्याच पेशवाईत सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी पुण्यात चर्चला जागा दिली, १७९२ साली. क्वार्टर गेटचं सिटी चर्च ते.

आणि आमच्या भागात पंचवीस डिसेंबर एकट्या ख्रिस्ती लोकांचा नाही. रावेत ओलांडून देहूरोडला जा, रस्ता पांढऱ्या कपड्यांनी भरलेला असतो. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशी हायवेच्या सर्व्हिस रोडवर निळे झेंडे लावलेल्या गाड्या, लोणावळ्याला निघालेल्या गाड्या आणि चर्चला निघालेल्या स्कूटर एकाच सिग्नलला थांबतात.

मावशींचं ताट आम्ही चार दिवस परत केलं नाही. रिकामं कसं द्यायचं? शेवटी बायकोने तिळाच्या वड्या केल्या, संक्रांतीला दोन आठवडे असताना. मावशींनी त्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "हा कसला सण?" मी म्हटलं, "शिल्लक आहेत." तेव्हा त्या जे हसल्या, तेव्हापासून आमचं 'तुम्ही' जरा सैल झालं.

यंदा मी सांता होणार नाही, कमिटीला कळवून टाकलंय. कार्निव्हलमध्ये मावशी पेटीवर दोन अभंग म्हणणार आहेत, ढोलकीला डी-विंगचा एक पोरगा आहे. पंचवीसला सकाळी पिंपरीत त्यांची मराठी उपासना असते. मी त्यांना घेऊन जाणार आहे. गाडीत मागे तीन जागा रिकाम्या आहेत. पुनावळ्यातल्या कुणाला यायचं असेल तर साडेसातला गेटपाशी थांबा. अंडरपासमध्ये अडकायचं नसेल तर सव्वासातलाच.